ठाण्यातल्या छोट्या हॉस्पिटलमध्ये सिस्टर टिकत का नाहीत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घोडबंदर रोडला तुमचं ३५ खाटांचं हॉस्पिटल आहे, त्यातल्या पाच आयसीयूच्या. वर्षभरात अकरा सिस्टर सोडून गेल्या. दोनदा पगार वाढवला तरी गळती थांबली नाही. आता अमुक वर्षं सोडून जाणार नाही असा बॉन्ड लिहून घ्यावा, की एजन्सीमार्फत केरळहून मुली आणाव्यात, असं तुम्ही विचारताय.

मिरजेला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून मी १९९१ मध्ये ठाण्यात आले. नौपाड्यात स्टाफ सिस्टर, मग इनचार्ज, आणि शेवटची बारा वर्षं शंभरेक खाटांच्या एका हॉस्पिटलात मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख. आता निवृत्त आहे, तरी ओळखीतल्या छोट्या हॉस्पिटलांच्या ड्युटी लिस्टा माझ्याकडे तपासायला येतात. म्हणून बॉन्ड आणि केरळ बाजूला ठेवून आधी मीच एक विचारते. तुमच्याकडे एका जागेला किती माणसं धरली आहेत?

बहुतेक डॉक्टर मालक सांगतात, तीन. सकाळ, दुपार, नाइट, झाल्या तीन. हिशेब करून बघा. दिवसाच्या तीन ड्युट्या म्हणजे वर्षाला १०९५. एक सिस्टर वर्षात किती दिवस येते? ३६५ मधून ५२ आठवडी सुट्ट्या गेल्या, सीएल (किरकोळ रजा), आजारपण, सणवार मिळून तीसेक दिवस गेले. उरले २८३. आता १०९५ ला २८३ ने भागा, पावणेचारच्या वर जातं. म्हणजे एका जागेला चार. नाइटनंतरचे ऑफ नीट दिले तर चारही पुरत नाहीत. बाळंतपणाची रजा तर यात धरलेलीच नाही, आणि ती पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची असते.

ही चौथी सिस्टर तुमच्या पगारपत्रकात नसेल, तर तिचं काम कोण करतं? बाकीच्या तिघी. कुणाचा ऑफ रद्द होतो, कुणाला डबल ड्युटी लागते, कुणाला ‘आजच्या दिवस थांब ना गं’ म्हणतात. आजच्या दिवसचं महिन्यातून सहा वेळा होतं. तुम्ही दोन हजार वाढवलेत त्यात हे काही भरून निघत नाही, कारण तिच्याकडून तुम्ही घेताय ते पैशात मोजलेलंच नाही.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, मी स्वतः हे केलंय. अंबरनाथहून येणारी एक सिस्टर होती माझ्याकडे. हात इतका हलका, की केमोचे पेशंट ‘शीर तीच शोधेल’ म्हणून तिची ड्युटी विचारून यायचे. तिच्या सासूबाईंचं डायलिसिस चालू होतं, मंगळवार आणि शुक्रवार. ती लिस्ट लागायच्या आधी चिठ्ठी लिहून द्यायची, मी ऑफ लावायचे, आणि गुरुवारी रात्री कुणीतरी आजारी पडली की तोच ऑफ उडवायचे. फोन केला की ती येते, हे मला माहीत होतं ना! जी नाही म्हणायची तिला मी फोनच करायचे नाही. म्हणजे चांगल्या सिस्टरला चांगलेपणाची शिक्षा. सात-आठ महिन्यांनी तिने राजीनामा दिला. कारण लिहिलं ‘घरगुती’. मी मुकाट्याने सही केली.

पुढे कधीतरी ठाणे स्टेशनच्या पुलावर भेटली. मी विचारलं, तिकडे किती देतात? म्हणाली, “पाचशे कमीच आहेत मॅडम. पण तिकडे पुढच्या महिन्याची लिस्ट पंचवीस तारखेला लागते, आणि मग ती बदलत नाही. मम्मींना कधी न्यायचं ते मला आधी कळतं.” एवढं बोलून ती कर्जत लोकलकडे पळाली.

तुमच्या त्या अकरा राजीनाम्यांत ‘घरगुती कारण’ किती आहेत ते काढून बघा. माझ्या फाइलीत जवळजवळ सगळे तेच होते. एक्स्पिरियन्स लेटर तुमच्याकडूनच घ्यायचं असतं, खरं कोण लिहील?

तेव्हा पहिलं काम म्हणजे लिस्ट. पंचवीस तारखेला महिन्याची लिस्ट लावायची. कागदावर, सही करून, चेंजिंग रूमच्या दारावर. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेदहाला ‘उद्या मॉर्निंगऐवजी नाइट’ हा मेसेज टाकायची सोय मॅनेजरकडून काढून घ्या. बदल करायचाच झाला तर जिची ड्युटी बदलतेय तिने हो म्हटल्यावर, आणि बदल्यात ऑफ कधी मिळणार ती तारीख त्याच वेळी लिहून. ‘बघू नंतर’ म्हणून राहिलेले ऑफ कधीच मिळत नाहीत, हे सगळ्या सिस्टरना पाठ असतं.

दुसरं काम लोकलचं. तुमच्या किती सिस्टर कल्याणच्या पुढून येतात? टिटवाळा, आसनगाव, बदलापूर असं मोजा. दोन ते आठची ड्युटी आठला संपते, पण ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवून, इंजेक्शन ट्रॉली मोजून, कपडे बदलून साडेआठ होतात. तुमच्या घोडबंदर रोडच्या कासारवडवलीहून टीएमटीच्या बसने किंवा शेअर रिक्षाने स्टेशन, म्हणजे माजिवड्याचा ट्रॅफिक. गाडीत बसेपर्यंत दहा वाजतात, घरी पोचेपर्यंत साडेअकरा. आणि दुसऱ्या दिवशी लिस्टमध्ये मॉर्निंग असेल तर पहाटे साडेचारला उठणं. पोळ्या लाटून निघायचं असतं, हे विसरू नका. मी नियम केला होता: कल्याणच्या पुढे राहणारीला इव्हिनिंगला लागून मॉर्निंग लावायची नाही. यात हॉस्पिटलचा एक रुपयाही जात नाही. लिस्ट लिहिणाऱ्याचा अर्धा तास जास्त जातो एवढंच. आणि साडेआठला स्टेशनपर्यंत एक गाडी सोडलीत, तर ती पगारवाढीपेक्षा स्वस्त पडेल. विश्वास बसत नसेल तर एका नव्या सिस्टरला तयार करायला किती महिने जातात ते मोजा.

आता जे कुणी उघड बोलत नाही ते. नातेवाईक. रात्री दीडला वॉर्डात आठ माणसं शिरतात, सलाइन का संपलं म्हणून सिस्टरच्या अंगावर जातात. आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर, वरच्या मजल्यावर असतो, सिक्युरिटीवाला मामा साठीचा. सकाळी मालक डॉक्टर राउंडला येतात आणि पेशंट नाराज होऊ नये म्हणून सगळ्यांसमोर म्हणतात, “सिस्टर, सॉरी म्हणा.” मी हे डोळ्यांनी बघितलंय. ती पोरगी सॉरी म्हणाली, महिना भरला, आणि गेली. तिच्या पाठोपाठ त्या नाइटला असलेल्या दुसऱ्या दोघीही गेल्या, ज्यांना कुणी काही बोललं नव्हतं. त्यांनी फक्त बघितलं होतं.

वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. तो फक्त डॉक्टरांसाठी नाही, सिस्टर आणि शिकाऊ मुलीही त्यात येतात. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्याचा बोर्ड तुमच्या रिसेप्शनला लागलेला असेलच. पण बोर्डाने काही होत नाही. तक्रार हॉस्पिटलने द्यायची, सिस्टरने एकटीने पोलीस स्टेशनात बसायचं नाही, हे तिला आधीपासून माहीत हवं. रात्री दोघांपेक्षा जास्त नातेवाईक वॉर्डात नाहीत, हा नियम नगरसेवकाचा फोन आला तरी मोडायचा नाही. पहिल्यांदा मोडलात की संपलं. दहा किंवा जास्त कर्मचारी असले की लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही २०१३ च्या कायद्याने लागते, आणि तुम्ही दहाच्या पुढे नक्कीच आहात. त्या समितीतल्या बाईंचं नाव तुमच्या नाइटच्या सिस्टरला सांगता येतं का, विचारून बघा.

सुई टोचण्याचंही असंच. शनिवारी संध्याकाळी एखादीला वापरलेली सुई टोचली तर तिने कुणाला फोन करायचा? एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आतच उपयोगाची, शक्य तर पहिल्या दोन तासांत, आणि २८ दिवस घ्यायची. ‘सोमवारी सर आल्यावर बघू’ असं तिथे चालत नाही. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांचे, रुजू होताना हॉस्पिटलच्या खर्चाने सुरू करा. मी एका ठिकाणी त्याचेही पैसे पगारातून कापलेले बघितले आहेत. लाज वाटली होती मला.

पगाराचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला ठाऊक असणार. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच म्हटलं होतं, की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला २० हजारांच्या खाली पगार नको. तेव्हाचे वीस हजार, बरं का. तुम्ही आजही त्याच्या आसपास असाल तर आधी ते नीट करा आणि मग माझं बाकीचं उत्तर वाचा. सरकारी अधिपरिचारिकेचा, म्हणजे स्टाफ नर्सचा, मूळ पगारच ३५,४०० पासून सुरू होतो. सरकारी भरतीची जाहिरात आली की तुमच्याकडच्या चार मुली फॉर्म भरणार, त्यात राग मानू नका. त्या स्पर्धेत तुम्ही नाहीच. तुमची स्पर्धा आहे शेजारच्या चाळीस खाटांच्या हॉस्पिटलशी, आणि तिथे लिस्ट पंचवीसला लागते की नाही याच्याशी.

वेलबीइंग म्हणून १२ मेला, परिचारिका दिनाला, केक कापतात आणि कुणीतरी येऊन तणावावर भाषण देतं. नाइट करून आलेल्या सिस्टरला त्या भाषणाला बसवू नका, एवढी विनंती. तिला काय लागतं ते मी सांगते. एकदा आमच्या पेडियाट्रिकला सहा वर्षांचं पोर गेलं. सिस्टरने त्याच्या हातातला व्हेनफ्लॉन (सलाइनसाठी शिरेत घातलेली नळी) काढला, पट्टी लावली, गेलेल्या मुलाला पट्टी लावली, आणि लगेच शेजारच्या खाटेचं दोनचं अँटिबायोटिक भरायला घेतलं. हात थरथरत होता. मी सिरिंज काढून घेतली, तिला पॅन्ट्रीत बसवलं, चहा दिला आणि तेवढी वीस मिनिटं वॉर्ड मी बघितला. तेव्हा मला हे करता आलं, कारण त्या दिवशी माझ्याकडे एक सिस्टर जास्त होती. एरवी कितीदा नव्हती! पुढे झोप उडाली, रडू थांबेना असं कुणी सांगितलं की मी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्यायचे. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात. पण आधी चहा आणि वीस मिनिटं. नंबर त्याच्यानंतर.

बसायला जागाही बघा. तुमच्या चेंजिंग रूमला आतून कडी आहे का? पंखा चालतो का? एका हॉस्पिटलात सिस्टर रेकॉर्ड रूममध्ये खोक्यांवर बसून डबा खायच्या, आणि तिथल्या डायरेक्टरांच्या केबिनमध्ये मत्स्यालय होतं.

आता बॉन्ड. नका घेऊ. मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेणं तर अजिबात नको. एक तर ते चूक आहे, आणि दुसरं, मुली एकमेकींना सांगतात. ‘तिकडे जाऊ नको, सर्टिफिकेट अडकवतात’ हे एका नर्सिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर पोचलं की पुढची पाच वर्षं तिथून कुणी येत नाही.

केरळहून मुली आणायच्या तर आणा, लातूर-नांदेडहूनही आणा, चांगल्या मुली दोन्हीकडे आहेत. रुजू करताना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तपासा. पांढरा युनिफॉर्म घातलेली प्रत्येक जण सिस्टर नसते, हे ठाण्यात मी वेगळं सांगायला नको. बाहेरगावच्या मुलीला पहिला प्रश्न खोलीचा पडतो. एकट्या मुलींना खोली द्यायला सोसायटीवाले का-कू करतात, डिपॉझिट मागतात. हॉस्पिटलच्या नावावर एक टू बीएचके घ्या, भाडं वाटून घेऊ द्या. आणि नव्या मुलीला पहिल्याच महिन्यात एकटीने आयसीयूची नाइट लावू नका. व्हेंटिलेटरवर पेशंट असेल तर त्या एका खाटेला अनुभवी सिस्टर लागते.

यातल्या निम्म्या मुली तुमच्याकडे दोन वर्षांचा अनुभव घ्यायलाच येतील. जर्मन शिकतील, ओईटी (परदेशी नोकरीसाठीची इंग्रजीची परीक्षा) देतील, आखातात जातील, आणि त्यांनी जावं. जाताना एक्स्पिरियन्स लेटर त्याच आठवड्यात हातात द्या, स्पेलिंग बरोबर लिहून. आमच्याकडची पहिली मुलगी दुबईला गेली तेव्हा मी तिला कुरकुरत लेटर दिलं होतं. जाण्याआधी तिने कॉलेजच्या दोन ज्युनियर माझ्यासमोर आणून बसवल्या. त्यांच्यामागून आणखी आल्या. चार बॅच अशा आल्या, आम्ही एकदाही जाहिरात दिली नव्हती.