सगळी काच एकाच पिशवीत भरून रिसायकलला देता येते का?

तुम्ही विचारलंय की बाटल्या, बरण्या, तडा गेलेलं ओव्हनचं भांडं आणि फुटलेला आरसा एकत्रच दिलं तर चालेल का. नाही चालणार. दिसायला सगळी काचच, पण वितळायला सारखी नाही.

बाटल्या-बरण्यांची काच वाळू, सोडा आणि चुनखडीची. भट्टीत साधारण १५०० अंश सेल्सियसला तिचा रस होतो आणि पुन्हा बाटली घडते, कितीही वेळा. ओव्हनचं भांडं बहुतेकदा बोरोसिलिकेट नावाच्या वेगळ्या काचेचं. ते उष्णतेला दाद देऊ नये म्हणूनच बनवलेलं, त्यामुळे त्या भट्टीत त्याच्या गाठी राहतात, नव्या बाटलीत खड्यासारख्या अडकतात आणि बाटली नेमकी तिथेच तडकते. चिनी मातीच्या कपाचा तुकडाही असाच घात करतो. आरशाच्या पाठीला धातूचा नि रंगाचा थर असतो. आरसा, खिडकीची काच आणि पाणी प्यायचे ग्लास बाटल्यांत मिसळू नका.

बाटल्यांचं सोपं आहे. विसळा, झाकण काढा. लेबल खरवडत बसू नका, ते निघतं पुढे. मात्र जागा वाचवायला बाटल्या फोडू नका. चुऱ्यातून हिरवी, तपकिरी, पांढरी काच वेगळी करणं कठीण, आणि काचेत मुरलेला रंग मागाहून निघत नाही.

फुटलेल्या काचेबाबत मी स्वतः गाढवपणा केलाय. ग्लासचे तुकडे नुसते कचऱ्याच्या पिशवीत टाकले, पिशवी उचलली आणि एक टोक आरपार येऊन पोटरीत घुसलं. दोन टाके पडले. तेव्हापासून तुकडे वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळून खोक्यात घालतो, चिकटपट्टी लावतो आणि वर ठळक लिहितो, ‘फुटलेली काच’. बारीक कणीसाठी दिवा घालवून टॉर्च जमिनीलगत आडवा धरा, कणी चमकते. ओल्या कागदाने टिपून घ्या, उघड्या बोटाने नको.

ट्यूबलाइट आणि सीएफएल (वळवलेल्या बारीक नळीचे छोटे दिवे) यांत पारा असतो. ते घातक कचरा किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. घरात फुटलेच तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, मग जाड कागदाने तुकडे गोळा करून झाकणाच्या बरणीत भरा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवलात तर पारा घरभर पसरेल. एलईडीत पारा नसतो, पण आत सर्किट असतं, म्हणून तोही ई-कचऱ्यातच.