‘मॅडम, मला काहीच माहीत नाही’

डिसेंबर संपत आला की म्हापशातल्या माझ्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं येतात, बॅग मांडीवर घट्ट धरून बसतात आणि म्हणतात, ‘डिझर्टेशन होणार नाही माझ्याच्यानं. मला काहीच माहीत नाही.’ इतक्या जणांकडून हे ऐकलं, की एकीची गोष्ट सगळ्यांसाठी लिहावीशी वाटली. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तिला सायली म्हणू.

सायली पेडणे तालुक्यातली. विषय ‘गोव्यातील मिठागरांचा इतिहास’. तीन महिने ती पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जात होती. १८३२ पासूनचं ते ग्रंथालय, तिथल्या जुन्या ग्रंथांपुढे वीस वर्षांची मुलगी दबून जाणारच. टिपणांच्या दोन वह्या भरल्या होत्या, पण स्वतःचं असं एक वाक्य नव्हतं. मार्गदर्शक सरांचा फोन ती उचलत नव्हती, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

‘अजून किती वाचायचं राहिलंय?’ मी विचारलं.

‘सगळंच, मॅडम. जुनी कागदपत्रं पोर्तुगीजमध्ये, आणि मला पोर्तुगीज येत नाही. मग मिठागरांवर लिहू तरी कुठल्या तोंडानं?’

मी तिला वेळापत्रक आखून दिलं नाही. ती स्वतःच चार वेळापत्रकं आखून बसली होती. माणूस काम टाळतो तेव्हा त्याला कामाची भीती नसते, त्या कामाबद्दल तो स्वतःला जे बजावत असतो त्याची असते, असं मी पहिल्यापासून मानत आले आहे. म्हणून दोन भेटींत मी फक्त तिचे शब्द टिपले. ‘सगळंच’, ‘काहीच’, ‘आधी वाचायलाच हवं’. प्रत्येक शब्दात तो ‘च’ होता.

तिसऱ्या भेटीत तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. ‘मला काहीच माहीत नाही, असं लिही.’ तिनं लिहिलं. ‘आता “काहीच” खोड. त्या जागी, खरोखर काय माहीत नाही ते लिही.’

बराच वेळ पेन हललं नाही. मग तिनं लिहिलं, ‘१८७८ च्या कराराचे परिणाम’. गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आणणारा तो करार.

‘हे तुला जाणून घ्यायचंय?’

‘नाही... पुस्तकात आहे म्हणून.’ तिनं ते खोडलं. पुन्हा शांतता. मीही बोलले नाही. अशा वेळी मदतीला धावू नये, हे मी फार उशिरा शिकले. शेवटी तिनं खाली मान घालूनच लिहिलं: ‘आजोबांनी मीठ काढणं सोडलं तेव्हा शेजारच्या आबांनी का नाही सोडलं, हे मला माहीत नाही.’

आणि ती बोलू लागली. बांध एकच, मानसही एकच, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरतीचं पाणी दोघांच्या आगरात त्याच दारातून यायचं. पावसाळा सरला की चिखल काढून बांध लिंपायचे, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं, मे महिन्यापर्यंत मीठ ओढायचं. आजोबांच्या वाफ्यांत आता गवत, आबांच्या वाफ्यांत अजून पांढरे ढीग. बोलताना तिनं मांडीवरची बॅग खाली ठेवली होती. तिला ते कळलंही नसावं.

‘या प्रश्नाला पोर्तुगीज लागेल?’

ती हसली. ‘नाही. आबांशी कोकणीत बोलावं लागेल.’

‘काहीच माहीत नाही’ ही शरमेची बाब होती, ‘हे माहीत नाही’ हा संशोधनाचा प्रश्न झाला. मधे एका शब्दाचा फरक. मला स्वतःलाही हे इतकं लख्ख त्या दिवशीच दिसलं. तेव्हापासून तो कोरा कागद मी प्रत्येकापुढे ठेवते.

तुमच्यापैकी कोणी आज तिच्या जागी असेल, तर वाचन आठवडाभर बाजूला ठेवा आणि ते एक वाक्य लिहा. प्रश्नात ‘गोव्यातील’ आला असेल तर गाव आणा, गाव आला असेल तर चार घरं आणा. पदवीच्या प्रबंधाला तेवढा आवाका पुरतो. मग वाचन परत हाती घ्या, पण त्या प्रश्नाला लागेल तेवढंच, आणि टिपण घेतानाच पुस्तकाचं नाव, पान क्रमांक लिहून ठेवा. मुलाखत झाली की त्याच संध्याकाळी उतरवून काढा. दुसऱ्या दिवशी माणसाचे शब्द जातात, आपले उरतात. प्रस्तावना शेवटी लिहिली तरी चालते. आणि मार्गदर्शकांकडे अर्धं, कच्चं पान घेऊन जा. त्या पानावर ते काहीतरी सांगू शकतात, तुमच्या गैरहजेरीवर काय सांगणार? सायली तसंच अर्धं पान घेऊन गेली. सर रागावले, आणि मग तासभर तिच्याशी बोलत बसले.

मार्चमध्ये ती पुन्हा आली, दारातच उभी. कदंबा बस पकडायची होती.

‘मॅडम, घोळ झालाय. आबा म्हणतात मजूर मिळेनात म्हणून आजोबांनी सोडलं. आजी म्हणते बांध फुटला म्हणून. आणि बाबा म्हणतात, भाव पडला. तिघांची तीन कारणं!’

‘मग?’

‘मग तिन्ही लिहिलीत,’ ती म्हणाली, ‘आणि आता चौथ्या घरी निघालेय.’