आई घरात एकटीच बोलते. याला नॉर्मल म्हणायचं का?

तुम्ही लिहिलंय की आई साठीच्या पुढची आहे, स्वयंपाक, बाजारहाट सगळं बघते, फक्त काम करताना स्वतःशी बोलते आणि शेजारीण म्हणते, ‘दाखवून घ्या’. शेजारणीचं ऐकू नका.

आमची आत्याही बोलते. लग्न केलं नाही, कोकणात केळशीजवळच्या जुन्या घरात काकांकडे असते. सुपाऱ्या सोलता सोलता कुणाला उसने दिलेले पैसे मोजेल, माकडांना शिव्या घालेल. काकांचा मुलगा मुंबईला. दर गणपतीत येऊन तो एकदा तरी म्हणणार, “हिला रत्नागिरीला न्या.” राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक तिथे, त्यामुळे आमच्याकडे एवढं म्हटलं की पुरतं.

आता त्याच घरातले काका बघा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात सुपारीची वाडी आडवी झाली. सुपारी नव्याने लावली तर धरायला सहा-सात वर्षं, आणि काका सत्तरीत. पहिले काही दिवस कोयती घेऊन पडलेली झाडं तोडत होते, मग बसले ते बसलेच. पहाटे तीनला उठून पडवीत. जरा वारा सुटला की नजर कौलांवर. भाताचा घास कालवून तसाच ठेवायचे. आंघोळीची आठवण करून द्यावी लागायची. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मुलगा फोनवर म्हणे, “वाडी गेली, माणूस असा होणारच. नॉर्मल आहे.”

पाय घसरून हाड मोडलं तर कारण माहीत आहे म्हणून प्लॅस्टर घालत नाही का आपण?

शेवटी मीच दोघांना चिपळूणला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. आत्याला नेलं ते निव्वळ मुंबईच्या चुलतभावाचं तोंड बंद व्हावं म्हणून. डॉक्टरांनी तिला विचारलं, “तुम्ही बोलता तेव्हा समोरून कुणी उत्तर देतं का?” आत्या म्हणाली, “या घरात कोण उत्तर देतंय?” तिला काही नाही म्हणून सांगितलं. काकांना मात्र झोप, भूक, कामात मन, जगणं नकोसं होतं का, सगळं बारकाईने विचारलं. उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं आणि जोडीला झोप-भूक बिघडली की नैराश्य धरतात. इथे महिने उलटले होते. गोळ्या सुरू केल्यावर काही आठवड्यांनी झोप लागली. शिमग्यात पालखी दारात आली तेव्हा नारळ द्यायला स्वतः उठले.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम 3 वाचा. समाजाच्या रीतीप्रमाणे वागत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. चुलतभावाला व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

तर आई जेवते, झोपते, कामं करते, तिला स्वतःला त्रास नाही, मग बोलू दे. अर्थात मी डॉक्टर नाही. हे बोलणं अचानक सुरू झालं असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, कुणी मागावर आहे असं वाटत असेल, विसरभोळेपणा वाढला असेल तर दाखवाच. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

काकांच्या गोळ्या अजून माझ्याच पैशांनी येतात. यंदा गणपतीत तो विषय काढणार आहे.