भूविज्ञान घेऊ दे, पण आधी वाळू बघू दे

ताई, मालवणचे प्रवाळ पाहून आल्यापासून तुमची बारावीतली मुलगी 'जुन्या समुद्राचा अभ्यास करायचाय' म्हणतेय. प्राणिशास्त्र घ्यावं की भूविज्ञान, आणि पुढे पोटापाण्याचं काय, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत, भूविज्ञान. आजचे जिवंत प्रवाळ हवे असते तर प्राणिशास्त्र म्हटलं असतं. तिला हवा असलेला समुद्र दगडात आणि गाळात आहे.

2010 साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या कडेला समुद्रतळात ड्रिलिंग करून जुन्या प्रवाळांचे कोअर, म्हणजे दगडाचे लांब दांड्यासारखे नमुने काढले. प्रवाळाचं वय काढता येतं. पण तो जगत होता तेव्हा त्याच्यावर पाणी किती होतं? इथे फोरॅमिनिफेरा कामी येतात. हे एकपेशीय जीव, बहुतेक मिलिमीटरहून लहान, रीफवरच्यांचं कवच चुन्याचं. रीफवरच्या मोठ्या जातींच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याला ऊन लागतं. लाटांच्या उथळ पाण्यात कवचं जाड, काटेरी. खोल, अंधुक पाण्यात पसरट आणि पातळ. कुठल्या जाती किती, हे मोजलं की खोलीचा अंदाज येतो. वयाशी जुळवला की समुद्रपातळी कळते. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी समुद्र आजच्याहून 120 मीटरपेक्षा जास्त खाली होता. ही रीफ तर 30,000 वर्षांत पाचदा मेली आणि पुन्हा उभी राहिली! हे सांगताना मला अजूनही भरून येतं.

रोजचं काम मात्र वेगळं. गाळ चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, काळ्या ट्रेमध्ये पसरायचा आणि मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. एका नमुन्यात तीनशे, मग पुढचा नमुना. बोटीवरचे दिवस मोजकेच.

बी.एस्सी.साठी पुण्याचं फर्ग्युसन किंवा मडगावचं चौगुले कॉलेज बघा. नंतर जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबई. गणित सोडू देऊ नका. संशोधन करायचं तर दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, पण पीएच.डी.शिवाय तिथे पुढे जाता येत नाही आणि जागा थोड्या. तोवर घरून धीर लागेल. एम.एस्सी. झाल्यावर यूपीएससीच्या परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. तेल कंपन्याही खडकांचं वय ठरवायला फोरॅमिनिफेराचेच जीवाश्म वापरतात.

अॅडमिशनआधी एक करा. किनाऱ्यावरची मूठभर वाळू धुऊन, वाळवून काळ्या कागदावर पसरा आणि कॉलेजच्या लॅबमधल्या डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली तिला दोन तास बसू द्या. उठावंसं वाटलं नाही, तर फॉर्म भरा.