डिझाइन सॉफ्टवेअरमुळे इमारती आणि रोजच्या वस्तूंचा लूक खरंच बदलतो का?

हो, खरंच बदलतो, कारण सॉफ्टवेअरमध्ये जे झटपट काढता येतं आणि पुढे थेट मशीनला देता येतं तेच शेवटी जास्त बनतं. इमारतींत ठळक उदाहरण म्हणजे स्पेनमधल्या बिल्बाओचं गुगेनहाइम म्युझियम (१९९७). ते डिझाइन करणारे आर्किटेक्ट फ्रँक गेरी यांच्या ऑफिसात आधी हाताने मॉडेल बनायचं, मग त्याचे पॉइंट मोजून ते कॅटिया नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचे, आणि कॅटिया मुळात फ्रान्सच्या दासो कंपनीने विमानांसाठी बनवलेलं, त्यामुळे एवढे वाकडेतिकडे पृष्ठभागही अचूक मोजून कारखान्यात देता आले, नाहीतर ते बजेटमध्ये बसणं अवघडच होतं.

रोजच्या वस्तूंचं म्हणाल तर मी स्वतः कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या डिझाइन सॉफ्टवेअरवर, प्लास्टिकचे पार्ट काढते. फिलेट (कड गोल करायची) कमांड घ्या, कड सिलेक्ट करा, ३ मिमी टाका, झाला कोपरा गोल! म्हणून मिक्सर, रिमोट, चार्जर सगळ्यांना तोच एकसारखा रेडियस दिसतो. हाताने घडवलेल्या मॉडेलमध्ये गोलाई हळूहळू कमीजास्त होत जाते, फार सुंदर दिसतं ते, पण कॅडमध्ये तसं आणायला सरफेसिंगची, म्हणजे वळणदार पृष्ठभाग एकेक करून घडवायची, वेगळी मेहनत लागते आणि तेवढा वेळ सहसा कोणी देत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फक्त सगळं खापर सॉफ्टवेअरवर फोडू नका. आतला कोपरा टोकदार ठेवला तर प्लास्टिक तिथूनच तडकतं, त्यामुळे थोडा रेडियस द्यावाच लागतो. आणि आर्किटेक्ट गौदीच्या बार्सिलोनातल्या कासा मिला या इमारतीचं बांधकाम १९०६ ला सुरू झालं, ती तर अख्खी वळणावळणाची आहे, कॉम्प्युटर नसताना.