विदर्भातील तीर्थक्षेत्रे फिरताना मंदिरांचे आणि परिसराचे चांगले फोटो कसे काढावेत?

आपण लिहिले आहे की डिसेंबरात पाच दिवसांत मेहकर, लोणार, रिद्धपूर, रामटेक आणि मार्कंडा असा प्रवास करायचा आहे, सोबत एकच लेन्स न्यायची आहे, आणि 'गर्दी व रंगरंगोटी टाळून' मंदिरांचे व परिसराचे फोटो कसे काढावेत हे जाणून घ्यायचे आहे. लेन्सचे पुढे सांगतो. 'रंगरंगोटी टाळून' या दोन शब्दांविषयी मात्र आधी लिहिणे मला भाग आहे, कारण याच गोष्टीवरून माझे एका जवळच्या मित्राशी गेली पंधरा वर्षे धड बोलणे नाही.

मी बुलढाणा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. माझे आजोळ मेहकर तालुक्यातले. गावाबाहेर ओढ्याच्या काठी महादेवाचे एक लहानसे हेमाडपंती देऊळ आहे. ते कोणत्याही संरक्षित यादीत नाही आणि कोणत्याही पुस्तकात त्याचा उल्लेख माझ्या पाहण्यात आलेला नाही. २०१० च्या फेब्रुवारीत माझे हे मित्र आणि मी दोन दिवस तिथे मुक्कामाला होतो. त्यांचा फोटोग्राफीतला अभ्यास माझ्याहून कितीतरी मोठा, प्रदर्शनांत त्यांचे फोटो लागत असत, आणि कॅमेऱ्यातले जे काही मला येते त्यातले निम्मे त्यांनीच शिकवलेले आहे. पहिल्या दिवशी ते पहाटे पाचला उठले, ओढ्यापलीकडे जाऊन बसले आणि सूर्य शिखरामागून वर येताना देवळाची काळी आकृती, शेजारची बाभूळ आणि वरचे केशरी आभाळ असा फोटो त्यांनी घेतला. देवळाला लागून असलेले टिनाचे शेड आणि वरून जाणारी विजेची तार त्यांनी नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकली.

मी ते दोन दिवस देवळाच्या आतबाहेर काढले. गुरवबुवांनी आधीच सांगितले होते, "फोटू काढाचा असन त आंघोळ करून या, गुरुजी." त्याप्रमाणे आंघोळ करून, दर्शन घेऊन मी कामाला लागलो. चारही बाजूंच्या भिंती, जंघेवरच्या (भिंतीच्या मधल्या भागावरच्या) एकेका मूर्ती, छतातले कमळ, खांबांवरचे यक्ष, पिंपळाखालचे दोन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) आणि एक सतीशिळा, हे सर्व मी समोरून, सरळ, कडेला शाळेतली फूटपट्टी धरून टिपले. सर्वांत जास्त वेळ गेला तो गाभाऱ्याच्या दारावर. देऊळ पूर्वाभिमुख आणि दार मंडपाच्या आत, त्यामुळे दिवस वर आला की द्वारशाखांवर, म्हणजे चौकटीच्या कोरीव उभ्या पट्ट्यांवर, थेट ऊन येत नाही आणि समोरून फ्लॅश मारला तर कोरीवकाम सपाट होऊन जाते. शेवटी मामीची पितळी परात मागून आणली. मंडपाच्या दक्षिणेकडच्या मोकळ्या जागेतून येणारे ऊन माझ्या मुलाने, तो तेव्हा पाचवीत होता, परातीवर घेतले आणि चौकटीवर अगदी कडेने सोडले. त्या तिरप्या उजेडात दगड जणू बोलू लागला. डाव्या शाखेवर वर चढत जाणारी जी वेल आहे, तिचे प्रत्येक पान उजवीकडे वळलेले आहे, फक्त मधल्या दगडावर एक पान कारागिराने उलट, डावीकडे वळवले आहे, कारण तिथे त्याने वाटाण्याएवढी एक चिमणी बसवली आहे. बालपणापासून त्या दारातून आत जात होतो, पण ती चिमणी मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

पुढे जिल्ह्याच्या गावी एक स्पर्धा झाली. दोघांनीही फोटो पाठवले. त्यांच्या सूर्योदयाला पहिले बक्षीस मिळाले, माझे सहाही फोटो परत आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चहाच्या वेळी दहा-बारा माणसांत त्यांनी माझा दाराचा फोटो हातात धरून सांगितले, "गुरुजी, फोटो म्हणजे प्रकाश असतो. हा पंचनामा आहे." मी तिथून न बोलता निघून आलो.

२०१३ साली गावाने वर्गणी करून देवळाचा जीर्णोद्धार केला. आतून-बाहेरून ऑइल पेंट लागला, द्वारशाखा लाल आणि सोनेरी झाल्या, मंडपात चकचकीत फरशी बसली आणि वीरगळ नव्या ओट्याच्या भरावात गेले. मीही ५०१ रुपये दिले होते, त्यामुळे गावाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, आणि ज्यांनी सोयाबीन विकून वर्गणी दिली त्यांच्या भक्तीत काही खोट होती असेही मी म्हणणार नाही. परंतु दगडाला तेलाचा रंग सोसत नाही. आत मुरलेला ओलावा बाहेर पडू शकत नाही आणि काही वर्षांत पापुद्रे सुटू लागतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. २०१८ च्या पावसाळ्यात पिंपळाच्या मुळांनी मंडपाचा एक कोपरा खचवला, चौकट कलली, आणि गवंड्याने ती धोक्याची म्हणून उतरवून दगड बांधावर रचून ठेवले. हेमाडपंती बांधणीत चुना नसतो, दगडावर दगड तोलून बसवलेला असतो, त्यामुळे कोणता दगड कुठला हे विसरले तर सगळेच विसरले. तीन वर्षांनी पुन्हा उभारणी करायची ठरली, तेव्हा दोन्ही बाजूंचे मिळून सहा तुकडे हवे होते, त्यांतले पाच सापडले. पाचांवरही रंगाचा असा जाड थर होता की कोणता तुकडा कोणत्या बाजूचा आणि वर की खाली हे कोणालाच सांगता येईना.

त्या वेळी मामांनी मला फोन केला. मी परातीच्या उजेडात काढलेला फोटो खिडकीएवढा मोठा छापून नेला. आम्ही एका दगडावरचा रंग लाकडी पट्टीने हलक्या हाताने सोडवला, आणि उलट वळलेले पान निघाले. चिमणीची चोच तुटली होती, पण पंख शाबूत होते. डाव्या बाजूचा मधला दगड निश्चित झाला की वेलीचा देठ जुळवत वरचा आणि खालचा दगड अर्ध्या तासात लागला. गवंड्याने फोटो चिखलाच्या हातांनी धरला आणि दोन दिवस खाली ठेवला नाही. माझ्या मित्राचा फोटो आजही त्यांच्या दिवाणखान्यात आहे आणि तो सुंदरच आहे, पण त्या आकृतीत देऊळ काळे आहे. त्यावरून एक दगडही बसवता आला नसता.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या भागातल्या तीर्थांवर जाणाऱ्याने गर्दी, तारा, टिनाचे शेड आणि रंग हे काहीही टाळू नये. पहिले चार-सहा फोटो देऊळ आज जसे आहे तसे घ्यावेत, त्यानंतर हवा तितका सूर्योदय करावा. ही काही माझ्या डोक्यातली नवी कल्पना नाही. पुरातत्त्व खात्याचे इंग्रज अधिकारी हेन्री कझिन्स यांनी वऱ्हाडातल्या मंदिरांचे आराखडे आणि छायाचित्रे केली नसती, तर लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची शंभर वर्षांपूर्वीची अवस्था आज आपल्याला कळली नसती. आणि आपण रिद्धपूरला जाणार आहात, तिथे तर हे काम सातशे वर्षांपूर्वीच झालेले आहे. गोविंदप्रभू आणि चक्रधर स्वामी जिथे बसले, जिथे निजले, जिथे जेवले त्या प्रत्येक जागेला महानुभाव पंथात 'स्थान' म्हणतात. ही स्थाने कुठे आहेत, दार कोणत्या दिशेला आहे, कशाच्या डावीकडे काय आहे हे 'स्थानपोथी'त लिहून ठेवलेले आहे. बाहेरून येणाऱ्या फोटोग्राफरला तिथे फरशी लावलेला एक ओटा दिसतो आणि तो पुढे निघून जातो, तर भाविक त्याच ओट्याला दंडवत घालून कपाळ टेकवतो. ज्या गावी लीळाचरित्रकार म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, गोळा केल्या, त्या गावात शिखर आणि आभाळ शोधत फिरू नये. ओट्याचा फोटो घ्यावा, तो ज्या गल्लीत आहे ती गल्ली घ्यावी आणि तिथल्या महंतांना त्या स्थानाची लीळा विचारून वहीत लिहून घ्यावी. नाहीतर घरी आल्यावर वीस ओट्यांचे वीस फोटो एकसारखेच दिसतील.

लोणारला २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा हजारो लोकांनी वरच्या कड्यावरून एकच फोटो काढला. त्यातला एकही मला पुढे उपयोगी पडला नाही. गेल्या काही वर्षांत सरोवराची पातळी वाढून पाणी काठावरच्या काही मंदिरांपर्यंत आले आहे. पाणी कोणत्या वर्षी कोणत्या पायरीला होते हे पाहायचे असेल तर कमळजा देवीच्या देवळाच्या त्याच त्या कोपऱ्यातून, त्याच उंचीवरून काढलेले फोटो लागतात, आणि तसे काढणारे फार थोडे आहेत. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, तेव्हा कड्यावरून तो एका फोटोत मावेल या आशेने वेळ घालवू नये. डावीकडून उजवीकडे पाच-सहा उभे फोटो घेऊन नंतर जोडावेत. तो परिसर अभयारण्य आहे, ड्रोन परवानगीशिवाय उडवू नये. दैत्यसूदन मंदिराच्या छतातले शिल्पपट पाहायला मात्र विसरू नका, आणि ते टिपायला जमिनीवर पाठ टेकून कॅमेरा छातीवर धरला की तिपाईची गरज पडत नाही. संरक्षित स्मारकात तिपाईला वेगळी परवानगी लागते.

मेहकरला १८८८ साली जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची मूर्ती पाहालच. आत फोटोसाठी पुजाऱ्यांना विचारावे, नाही म्हणाले तर कॅमेरा पिशवीत ठेवावा. वाटेत शेगावला थांबलात तर मंदिरात फोटो काढता येत नाही हे लक्षात असू द्यावे. रामटेकला गडावर माकडे हातातली पिशवी ओढतात, एवढे सांभाळावे, आणि गडावरच्या वाकाटककालीन नृसिंह मंदिरांकडे बहुतेक लोक पाठ करून जातात तसे करू नये. मार्कंडा मला सर्वांत जवळचे आहे. वैनगंगेच्या काठी तो मंदिरसमूह वालुकाश्मात आहे, आणि डिसेंबरच्या सकाळी आठच्या सुमारास तिरपे ऊन भिंतीवर आले की एकेक अलंकार वेगळा उठून दिसतो. मुख्य मंदिराच्या दुरुस्तीचे काम गेली काही वर्षे चाललेले आहे. आपल्याला परांची आणि उतरवलेले दगड फोटोत नको असतील, पण मी विनंती करीन की तेही घ्यावेत. उतरवलेला दगड पुन्हा कुठे बसतो हे कशावर ठरते ते मी वर लिहिलेच आहे.

माणसांविषयी एकच सांगतो. नदीवर स्नान करणाऱ्या बाया आणि दशक्रियेला बसलेले लोक यांच्यावर दुरून लांब लेन्स रोखू नये, मग पुण्या-मुंबईचे कितीही नावाजलेले फोटोग्राफर तसे करीत असोत. गुरव, फुलवाली, पालखीचे भोई यांचा फोटो विचारून घ्यावा आणि छापून टपालाने पाठवावा. मी पाठवतो. दुसऱ्यांदा गेल्यावर गाभाऱ्याचे कुलूप माझ्यासाठी उघडले जाते ते त्यामुळेच.

आता लेन्स. एकच न्यायची असेल तर १८ ते १०५ मिलीमीटरची साधी झूम न्यावी. माझा निकॉन डी ९० कॅमेरा आणि तीच लेन्स अजून चालते. आतल्या अंधारासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदना) १६०० पर्यंत वाढवावा, फ्लॅश वापरू नये, आणि शक्य असेल तिथे परात नसली तरी पांढरे उपरणे धरून कडेने उजेड द्यावा. प्रत्येक फोटोच्या फाइलला गावाचे नाव, तारीख आणि कोणत्या दिशेची भिंत आहे ते त्याच संध्याकाळी लिहावे, घरी गेल्यावर लिहू म्हटले की ते राहून जाते.

एवढे लिहिल्यावर न्यायाने हेही सांगायला हवे की मित्राच्या म्हणण्यात तथ्य होते. परातीचा तिरपा उजेड नसता तर माझ्या पंचनाम्यात चिमणी दिसली नसती, आणि कडेचा उजेड कसा वापरायचा हे मला त्यांनीच शिकवले होते. त्यांचा सूर्योदय पाहून दोन-तीन शहरांतून लोक आमचे देऊळ बघायला आले, माझ्या फोटोंनी एकही माणूस आणला नाही. शिवाय मी सांगतो तसे फोटो घेत बसलात तर पाच दिवसांत पाच गावे होणार नाहीत, चारच होतील, आणि सोबत घरची मंडळी असतील तर ती कंटाळतील. तसे असेल तर रामटेक किंवा मार्कंडा यांपैकी एक ठिकाण पुढच्या खेपेला ठेवावे.

माझे मित्र हे उत्तर वाचण्याची शक्यता आहे, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. उजव्या शाखेचा सर्वांत वरचा दगड अजून सापडलेला नाही, आणि माझ्या फोटोत नेमका तोच भाग घंटेमागे झाकला गेला आहे. तिथे सध्या कोरा दगड बसवला आहे. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही घंटेचे आठ-दहा फोटो घेतले होते, हे मला पक्के आठवते. ते जपून ठेवले असतील तर घंटेच्या उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात काय दिसते तेवढे मोठे करून पाहावे आणि मला कळवावे. माझा फोन नंबर बदललेला नाही.