आयात केलेला स्टड, कलम सात आणि नव्वद दिवस

प्रश्न : मी खराडीत नोकरी करतो आणि वाघोलीला घरच्या जागेत चार लॅब्रेडोर माद्या सांभाळतो. १४ जानेवारी २०२५ रोजी नवी मुंबईतील एका आयातदाराकडून, युरोपातून आणलेला अडीच वर्षांचा नर साडेचार लाख रुपयांना स्टड, म्हणजे प्रजननासाठी वापरायचा नर म्हणून घेतला. मार्चअखेरपर्यंत घरच्या दोन आणि बाहेरची एक अशा तीन माद्या त्याला दिल्या, तिन्ही रिकाम्या गेल्या, म्हणजे गर्भ राहिला नाही. ऑगस्टमध्ये बाहेरची आणखी एक मादी लागली, सोनोग्राफीत पिल्लेही दिसली, पण पन्नासाव्या दिवशी ती गाभडली. २० नोव्हेंबरला वीर्यतपासणी केली तेव्हा शुक्राणू शून्य आले. नव्वद दिवसांची मुदत केव्हाच संपली, असे विक्रेता म्हणतो. कुत्रा परत करून पूर्ण रक्कम मिळेल का? फसवणुकीची पोलीस तक्रार करावी का? करारनाम्याचे आणि व्हॉट्सअॅप संदेशांचे फोटो सोबत पाठवत आहे.

उत्तर : अशा आशयाची पत्रे माझ्याकडे वरचेवर येतात, त्यामुळे खरेदीपूर्वी काय तपासायला हवे होते याची उजळणी करत नाही. तुमच्या प्रकरणाचा निकाल कुत्र्याच्या पेडिग्रीवर किंवा विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर लागणार नाही. तो करारनाम्याच्या कलम सातवर लागेल. हे कलम तुम्ही सही करताना वाचलेले नाही, असे पत्रावरून स्पष्ट दिसते. साडेचार लाखांचा दीड पानी करार न वाचता सही करायची आणि अकराव्या महिन्यात वकिलाला फोटो पाठवायचे, हा क्रम मला अजूनही सहन होत नाही. तरीही तुमच्या सुदैवाने त्या कलमात एक शब्द तुमच्या बाजूचा आहे.

कलम सातचा मराठी आशय असा : विक्रेता नर प्रजननक्षम असल्याची हमी देतो, ताबा मिळाल्यापासून नव्वद दिवसांत खरेदीदाराने लेखी तक्रार न केल्यास नर सर्व बाबतींत स्वीकारला असे मानले जाईल. यात ‘तक्रार’ म्हटले आहे, ‘तपासणी अहवाल’ म्हटलेले नाही. तुमची मुदत १४ एप्रिलला संपत होती आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी दुसऱ्यात २ एप्रिलचा, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या दिवसाचा संदेश आहे. वर चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप आणि त्याखाली टाईप केलेली एकच ओळ : ‘तीन माद्या रिकाम्या गेल्या, नर लागत नाहीये, काय करू?’ दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचे उत्तर आले आहे : ‘प्रवासाचा ताण असतो, अजून तरुण आहे, पुढच्या हीटपर्यंत थांबा, नाही लागला तर मी आहे.’ (हीट म्हणजे मादीचा माज.) तुम्ही पत्रात या दोन ओळींचा उल्लेखही केलेला नाही. माझ्या दृष्टीने सगळा दावा त्यांच्यावरच उभा आहे.

पहिल्या ओळीने लेखी तक्रारीची अट मुदतीत पूर्ण होते, असे मला वाटते. आवाजी निरोपाला ‘लेखी’ म्हणावे का यावर वाद होईल, म्हणून त्याखालची टाईप केलेली ओळ मोलाची आहे. ‘काय करू’ हा प्रश्न आहे, तक्रार नाही, असे विक्रेत्याचा वकील म्हणेलच. परंतु विक्रेत्याने त्याला तक्रारच मानले, हे त्याच्या उत्तरातून दिसते. शिवाय ज्याने ‘थांबा’ म्हणून वेळ वाढवून दिली, त्याला नंतर त्याच वाढवलेल्या वेळेचा फायदा उठवून ‘मुदत गेली’ असे म्हणता येऊ नये, हे प्रतिबंधाचे तत्त्व आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६३ नुसार ज्याला वचन मिळालेले असते तो ते पाळण्याची मुदत वाढवू शकतो. मुदतीत तक्रार मागण्याचा हक्क विक्रेत्याचा होता आणि तो त्यानेच सैल केला, अशी मांडणी करता येईल. याच अधिनियमाचे कलम २८ ठरावीक मुदतीनंतर हक्कच नष्ट करणाऱ्या अटींना शून्य ठरवते. मात्र हमीचा कालावधी ठरवणारी अट आणि हक्क बुडवणारी अट यांत न्यायालये फरक करतात, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका. करारात नोटीस फक्त ई-मेलने किंवा रजिस्टर पोस्टानेच द्यावी असे स्वतंत्र कलम आहे का, हे फोटोत दिसत नाही. मागचे पान कापले गेले आहे. ते आधी पाहा.

आता तुम्हाला न आवडणारा भाग. २० नोव्हेंबरचा अहवाल १४ जानेवारीबद्दल काहीच सांगत नाही. कुत्र्यात शुक्राणू तयार होण्याच्या चक्राला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे नोव्हेंबरचा नमुना फार तर सप्टेंबरपासूनची कहाणी सांगेल. त्यात ऑगस्टमधील मादी लागली, हे तुम्हीच लिहिले आहे. विक्रेता हेच वाक्य पुढे करील : नराने गर्भ ठेवला, म्हणजे ताबा दिला तेव्हा तो सक्षम होता, पुढे जे झाले ते वाघोलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात झाले. एप्रिलमध्येच शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नर नेला असता तर हा युक्तिवाद आज उभाच राहिला नसता. वाघोलीहून शिरवळ काही तासांचा प्रवास आहे, आणि तुम्ही सात महिने पुढच्या हीटची वाट पाहिली.

शून्य शुक्राणू हा अहवालही मला पूर्ण वाटत नाही. त्यावर ‘लॅब्रेडोर, नर, ३ वर्षे’ एवढेच लिहिले आहे. मायक्रोचिपचा पंधरा अंकी क्रमांक नाही. माझ्या एका जुन्या प्रकरणात उलटतपासणीत समोरच्या वकिलाने अहवाल हातात घेऊन एवढाच प्रश्न विचारला, की हा अहवाल कोणत्या कुत्र्याचा आहे. आमच्याकडे उत्तर नव्हते आणि दोन वर्षांची मेहनत त्या दिवशी वाया गेली. एका नमुन्यात शुक्राणू न मिळणे म्हणजे नर वांझ आहे असेही नव्हे, हे कोणताही प्रजननतज्ज्ञ पशुवैद्य सांगेल. पूर्ण स्खलन झाले की नाही हे पाहण्यासाठी वीर्यद्रवातील अल्कलाइन फॉस्फेटेज या विकराची (एन्झाइमची) पातळी मोजतात. तेव्हा शिरवळ किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा तपासणी करून घ्या. डॉक्टरांनी स्वतः चिप स्कॅन करून क्रमांक अहवालात लिहावा, वृषणांचे माप व सोनोग्राफी नोंदवावी आणि काही आठवड्यांनी दुसरा नमुना घ्यावा.

गाभडण्याबाबत मी वकील म्हणून बोलतो, पण गप्प बसू शकत नाही. पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांच्या दरम्यान गाभडणे हे ‘ब्रुसेला कॅनिस’ या जिवाणूच्या संसर्गात नेहमी आढळणारे लक्षण आहे, आणि याच संसर्गाने नराचे वृषण सुजून हळूहळू आक्रसतात व वीर्य काही आठवड्यांपासून महिन्यांपर्यंतच्या काळात बिघडत जाते. तुमच्या पत्रातल्या दोन सुट्या घटना, पन्नासाव्या दिवशीचा गर्भपात आणि नोव्हेंबरचे शून्य, एकाच कारणाच्या असू शकतात. रक्तातील अँटिबॉडीची चाचणी सुरुवातीच्या आठवड्यांत नकारात्मक आणि कधी खोटी सकारात्मक येऊ शकते. म्हणून पीसीआर (जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) किंवा कल्चरने (नमुन्यातून जिवाणू वाढवून पाहणे) खात्री करून घ्या. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, तिथे चौकशी करा. हा संसर्ग माणसालाही होतो. गाभडलेल्या मादीचे स्राव कोणी उघड्या हातांनी साफ केले असतील तर त्यांनी डॉक्टरांना हे स्पष्ट सांगून तपासणी करून घ्यावी. खटला नंतर.

कायद्याच्या दृष्टीने ब्रुसेला तुमच्या बाजूने जाईल की विरुद्ध, हे आज सांगता येणार नाही. नर संसर्गासह आला असेल तर दोष ताब्याच्या दिवशीचाच ठरतो. तुम्ही बाहेरच्या माद्या न तपासता दिल्या असतील, तर संसर्ग त्यांच्याकडून आला असे विक्रेता म्हणेल. त्याच्याकडून आयातीचे आरोग्य प्रमाणपत्र आणि विलगीकरण कार्यालयाची कागदपत्रे लेखी मागा. त्यांत ब्रुसेलाची तपासणी नोंदलेली आहे का, हे त्यावरून कळेल. घरच्या चारही माद्यांचीही तपासणी करा. त्या स्वच्छ निघाल्या तर संशयाचे वर्तुळ बरेच लहान होईल.

आता मागणी कशाची करायची. कुत्रा परत करून पूर्ण पैसे, ही मागणी मी करणार नाही. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे, विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत वागले किंवा वाजवी काळ न कळवता माल ठेवून घेतला की स्वीकृती झाली असे मानतात. तुम्ही एप्रिलनंतरही नर वापरला आणि त्यावर स्टड फी घेतली. मालक म्हणून वापर केल्यावर ‘मी घेतलाच नव्हता’ असे म्हणणे टिकणार नाही. परंतु कलम १३ नुसार अशा वेळी अटीचा (करार मोडता येईल अशा मुख्य शर्तीचा) भंग हा हमीचा (फक्त भरपाई मागता येईल अशा दुय्यम शर्तीचा) भंग ठरतो आणि कलम ५९ खाली नुकसानभरपाई मागण्याचा हक्क उरतो. सक्षम स्टडची किंमत आणि या नराची आजची किंमत यांतील फरक, तपासणीचा खर्च, रिकाम्या गेलेल्या मेटिंगचा सिद्ध होणारा खर्च, एवढे मागा. कलम १६ चाही आधार आहे : नर प्रजननासाठीच घेतो हे तुम्ही सांगितले होते आणि विक्रेत्याच्या ज्ञानावर विसंबला होता; पावतीवरच ‘स्टड’ शब्द आहे.

ग्राहक आयोगात जाता येईल का, हा तुमचा न विचारलेला पण मनातला प्रश्न. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला संरक्षण देत नाही. अपवाद फक्त स्वयंरोजगाराने, निव्वळ उपजीविकेसाठी वापरणाऱ्याचा. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा स्पष्ट केली आहे. तुमची पगाराची नोकरी आहे, त्यामुळे तो अपवाद तुम्हाला मिळणे कठीण दिसते. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही आणि तपासणीची गरज असलेली तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो. तारखांचा अनुभव असलेल्या कुणालाही त्या पाच महिन्यांवर विसंबून राहायला मी सांगणार नाही. अधिकारक्षेत्राच्या वादात दोन वर्षे घालवून पुन्हा दिवाणी न्यायालयात जाण्यापेक्षा, दिवाणी दावा आधीच करणे मला अधिक सुरक्षित वाटते. त्याची तीन वर्षांची मुदत ताब्यापासून मोजली तरी जानेवारी २०२८ पर्यंत आहे. तोवर थांबण्याचा हा परवाना समजू नका.

पोलीस तक्रारीचा विचार सोडा. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी व्यवहाराच्या वेळीच लबाडीचा हेतू होता हे दाखवावे लागते, आणि ‘नाही लागला तर मी आहे’ असे लिहिणाऱ्याविरुद्ध ते सध्याच्या कागदांवर दिसत नाही. ‘आयात बेकायदा आहे’ अशी धमकीही देऊ नका. २५ एप्रिल २०१६ च्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेनंतर सर्वसामान्य व्यक्तीला कुत्रा आणायचा तर तो पाळीव म्हणून, स्वतःच्या नावे कागदपत्रांसह, अशी स्थिती आली. हा नर तसा येऊन स्टड म्हणून विकला गेला असेल, तर विक्रेत्याइतकाच प्रश्न जाणूनबुजून स्टड घेणाऱ्याला विचारला जाईल. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांखाली तुमची स्वतःची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का, याचे उत्तरही तयार ठेवा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

या आठवड्यात काय करायचे ते सांगतो. तो फोन बदलू नका, विकू नका, गप्पा पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राशिवाय ते दोन संदेश पुराव्यात येणार नाहीत, आणि त्यासाठी मूळ यंत्र हाताशी असलेले बरे. नराचे मेटिंग आजपासून बंद करा. डॉक्टरांनी खच्चीकरण सुचवले तर आधी तपासण्या, छायाचित्रे आणि नमुने जतन करा, आणि विक्रेत्याला लेखी कळवून त्याच्या पशुवैद्याला पाहण्याची संधी द्या. नाहीतर पुरावा तुम्हीच नष्ट केला असे तो म्हणेल. त्यानंतर वकिलामार्फत पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. तिच्यात २ आणि ३ एप्रिलचे संदेश शब्दशः असू द्या.

बाहेरच्या दोन्ही माद्यांच्या मालकांना ब्रुसेलाच्या शंकेबद्दल निकाल येण्याची वाट न पाहता आजच लेखी कळवा. त्यांच्या घरी लहान मुले आहेत का हे तुम्हाला माहीत नाही, आणि तुम्ही गप्प राहिलात तर उद्या त्यांच्या नोटिशीत तुमचे नाव विक्रेत्याच्या जागी असेल.